विशेषणं दिवाळीनंतर

आमच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणारे आम्ही दोघे होतो. एक सर आणि एक मी. दोघांपैकी एकाला फ्रेंच येत होतं, आणि तो मी आहे अशी माझी पहिलं वर्षभर पक्की समजूत होती.

बुलढाण्यात फ्रेंच आलं कुठून, असं लोक अजून विचारतात. ते सरांबरोबर आलं. सर संग्रामपूरजवळच्या एका खेड्यातले. आईवडील शेतमजूर. शिष्यवृत्तीवर हैदराबादला जाऊन सर फ्रेंच शिकले आणि नोकरी मिळाली ती इंग्रजी शिकवायची, ती बुलढाण्यात. तेव्हाच्या प्राचार्यांकडे त्यांनी एक खोली मागितली. प्राचार्यांनी प्रयोगशाळेतली मोडकी स्टुलं ठेवायची खोली दिली, बहुधा प्रकरण मिटावं म्हणून. सरांनी स्टुलं स्वतः ठोकून घेतली आणि तीन मुलांवर वर्ग सुरू केला. मी रुजू झालो तेव्हा तो विषय अभ्यासक्रमात रीतसर आलेला होता, मुलं पंधरा झाली होती, आणि लेखनकौशल्याच्या तासांना दुसरा माणूस लागत होता. तासिकेवर. तो मी.

मी मूळचा वरवट बकालचा. घरच्या शेतात मिरची आणि कोथिंबीर. पण पाच वर्षं पुण्यात राहून मी ते सगळं धुऊन काढलं होतं. पुण्याहून आणलेल्या माझ्या वस्तू म्हणजे फ्रेंचचा डिप्लोमा, एक राखाडी स्कार्फ आणि घशातून 'र' काढायची सवय. बुलढाण्याची हवा थंड, असं सांगून तो स्कार्फ मी मार्चपर्यंत गळ्यात ठेवला. 'र'चं जरा अवघड झालं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं टेबलावर खडीसाखरेची पुडी आणून ठेवली. म्हणाली, "सर, तुमचा घसा लय बसला. हे तोंडात ठेवा."

सर मला 'पुणेकर' म्हणत. तेव्हा मला तो मान वाटायचा.

त्यांचा पहिला नियम असा की दिवाळीपर्यंत एकही विशेषण वापरायचं नाही. जुलैपासून मुलं रोज पाच ओळी लिहायची, फ्रेंचमध्ये, आदल्या दिवशी पाहिलेल्या गोष्टीवर. 'सुंदर नदी' लिहिलं की वही परत. "नदीत काय दिसलं ते लिही. म्हैस होती? मंग म्हैस लिही." 'गरीब म्हातारी' लिहिलं की पुन्हा परत. "तिच्या पायात काय होतं? काही नोतं? मंग तसं लिही ना. गरीब हाय का नाही ते वाचणारा ठरवीन." दिवाळीनंतर प्रत्येकाला आठवड्याला तीन विशेषणं मिळायची. मुलं ती इतकी जपून वापरायची, की काहींची शनिवारी शिल्लक असायची.

एकदा एका मुलानं विचारलं, "सर, 'लाल' चालते काय? मिरची तं लालच असते." सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्याआल्या म्हणाले, "'लाल' चालन. पण ते हिरवी असती तं तुह्या गोष्टीत काय बिघडलं असतं, हे तुले सांगता आलं पाह्यजे." मुलानं 'लाल' खोडून टाकलं.

त्याच आठवड्यात मी माझ्या तासाला पन्नास अलंकारिक वाक्यांची यादी झेरॉक्स करून वाटली होती. 'आपल्या अमूल्य वेळाबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी राहीन' या जातीची. मुलांनी त्या कागदाला 'लग्नाची पत्रिका' असं नाव दिल्याचं मला पुढं फार उशिरा कळलं. मी मात्र 'पत्रिका आणली का?' असं त्यांना एकमेकांत विचारताना ऐकून, यांना ज्योतिषाचा नाद आहे असं समजत होतो.

फ्रेंच अक्षरांवर ज्या तिरप्या रेघा येतात, त्यांची नावं मी पाठ करून घ्यायचो. सरांनी त्यांना चढ, उतार आणि छप्पर म्हणून टाकलं होतं. मोताळ्याकडून घाटानं वर येताना जी रेघ ती चढ, खाली जाताना जी ती उतार. रोज त्या घाटातून बसनं येणारी मुलं यात कधी चुकली नाहीत. माझ्याकडे शिकलेली चुकायची. मी पण एकदोनदा चुकलो, पण फळा लगेच पुसला.

सर चुका पेन्सिलीनं दाखवायचे, त्याही नुसती खाली रेघ मारून. बरोबर काय ते कधी लिहायचे नाहीत. "चूक तुही हाय, मी काऊन घेऊ?" फोनवर भाषांतर करायला त्यांची बंदी नव्हती. उलट म्हणायचे, "काढा फोन. त्याच्याकडून करून घ्या. मंग त्यानं काय केलं ते वाचा." एका मुलानं मामावर पाच ओळी लिहिल्या होत्या. फोननं 'मामा'ला फ्रेंचमधली आई समजून घेतलं. सरांनी ते त्याला मराठीत मोठ्यानं सांगायला लावलं, आणि पोरगा वाचत गेला की माझी आई पानटपरीवर बसून मिशा पिळते. वर्ग लोळला. सर हसले नाहीत. म्हणाले, "फोनची चूक नाही बे. त्यानं तुह्यी माय पाह्यली नाही. तू तं पाह्यली हाय ना?"

ते फ्रान्सला कधीच गेले नव्हते. कुणी विचारलं की म्हणायचे, "मी त्याच्याकडं गेलो नाही, ते माह्याकडं आलं नाही. आमचं बराबर हाय." शनिवारी दुपारी ते बसनं गावी जात आणि रविवारी गावातल्या विहारात लहान मुलांना बसवून मराठीत तशाच पाच-पाच ओळी लिहून घेत. मी एकदा म्हटलं, सर, रविवारी तरी आराम करा. ते म्हणाले, "आराम म्हंजे काय, त्याच्यावर पाच ओळी लिहून आण." मी विषय बदलला.

आता करुणाबद्दल सांगतो.

करुणा माझ्याच गावची. तिचे वडील वांगी पिकवायचे आणि बाजारच्या दिवशी स्वतः विकायचे. शेवटच्या वर्षाला होती, सरांची पहिल्या वर्षापासूनची विद्यार्थिनी. माझ्या पुणेरी बोलण्याकडे ती नेहमी जरा गालात हसून पाहायची, आणि एकदा सगळ्यांसमोर म्हणालीही, "सर, घरी तं तुमी 'मले, तुले' करता. इथं काऊन नाही करत?" मी 'तो वेगळा विषय आहे' असं काहीतरी म्हटलं.

त्या वर्षी फ्रान्समधल्या एका शेतकी शाळेनं भारतातल्या काही मुलांना तीन महिने तिकडे राहायला बोलवायचं ठरवलं. शाळेत राहायचं, शेतात काम शिकायचं, परत यायचं. अर्ज म्हणून फ्रेंचमध्ये एक पानाचं पत्र आणि मग संगणकावर समोरासमोर मुलाखत. पत्र उमेदवारानं स्वतः लिहावं, असं त्यात ठळक छापलेलं होतं.

करुणानं पत्र लिहिलं, वर्गात उभं राहून वाचलं, सरांनी दोन रेघा मारल्या, तिनं त्या दोन जागा दुरुस्त केल्या. पत्र पाठवायचं काम माझ्याकडे होतं, कारण कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड मला माहीत होता. त्या दुपारी मी ते वाचलं. त्यात साधारण असं होतं: 'माझे वडील वांगी विकतात. चांगली वांगी बाजारात जातात. किडकी आणि उरलेली आम्ही खातो. मी बारावीला असताना एकदा पावसानं बाजार भरला नाही, तेव्हा आम्ही पहिल्यांदा चांगली वांगी खाल्ली. वडील जेवताना काही बोलले नाहीत. तुमच्याकडे शेतकरी चांगली भाजी स्वतः खातो का, हे मला येऊन बघायचं आहे.'

मला लाज वाटली. तिची नाही, तर आमच्या गावाची, आणि खरं सांगायचं तर माझीच, कारण आमच्या घरीही हेच चालायचं. फ्रेंच माणसं हे वाचतील आणि काय म्हणतील? मी तिला बोलावलं आणि सांगितलं की पत्राला जरा उंची द्यायला हवी. तासाभरात मी नवं पत्र तयार केलं. बालपणापासून फ्रेंच संस्कृतीच्या तेजानं माझा आत्मा उमलला आहे, अशी त्याची सुरुवात होती. पन्नासपैकी एकतीस अलंकारिक वाक्यं मी त्यात बसवली.

करुणानं ते दोनदा वाचलं. "सर, लय भारी हाय. पण मले समजून नाही राह्यलं."

"तुला समजायची गरज नाही," मी म्हटलं. "त्यांना समजेल."

"मोठ्या सराईले दाखवू काय?"

"नको. त्यांना कशाला त्रास."

आणि मी ते पाठवून दिलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. मुलाखत कॉलेजच्या संगणकखोलीत होती. करुणा पडद्यासमोर, मी तिच्या बाजूला पण कॅमेऱ्यात न येईल असा, आणि सर दाराशी खुर्ची टाकून, आत कुणी गोंगाट करत येऊ नये म्हणून. पलीकडे त्या शाळेतल्या एक बाई होत्या, चाळिशीच्या, हातात आमचं पत्र. दोन-चार साधे प्रश्न झाले. करुणा नीट बोलत होती. मग बाईंनी पत्र वर धरलं आणि विचारलं, "तुमचा आत्मा उमलला असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे काय झालं? कधी?"

बाईंनी प्रश्न सावकाश पुन्हा विचारला. पंखा फिरत होता. मी तिला ओठांनी काहीतरी सुचवायला लागलो, इतका मी मूर्ख होतो.

करुणानं माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघत सरळ फ्रेंचमध्ये म्हणाली, "हे मी नाही लिहिलं."

"मग कुणी?"

नाव सांगितलं असतं तरी तिची काही चूक नव्हती, पण तिनं सांगितलं नाही. मला दाराकडे बघायची हिंमत झाली नाही. मी खुर्ची सरकवली, कॅमेऱ्यासमोर आलो आणि म्हणालो की पत्र मी लिहिलं. म्हणजे म्हणायला गेलो. आयुष्यातलं पहिलं खरं फ्रेंच वाक्य बोलताना मी क्रियापद चुकवलं. मराठीत कुणी 'मी आलो'च्या ऐवजी 'मी आला' म्हणावं, तसलं. दारातून सरांचा आवाज आला, अगदी हळू. त्यांनी फक्त बरोबर रूप उच्चारलं. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

बाईंनी पत्र खाली ठेवलं आणि करुणाला विचारलं की तुम्ही काय लिहिलं होतं. करुणानं वांग्यांचं पत्र तोंडपाठ म्हटलं. बाईंनी तिला बराच वेळ प्रश्न विचारले, बाजाराबद्दल, किडीबद्दल, वडिलांबद्दल. शेवटी म्हणाल्या की आमच्याकडेही पुष्कळ घरांत हेच आहे. पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्यानं लिहिलेलं पत्र आलं, यंदा काही करता येणार नाही. पुढच्या वर्षी पदवीनंतरही अर्ज चालेल.

पडदा बंद झाल्यावर करुणा वही उचलून निघून गेली. सर खुर्चीवरून उठले.

"कबूल करतानाही क्रियापद दुसऱ्याचं लावलं बे तू," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तिच्या बापाले कोण सांगन?"

मी खुर्च्या जागेवर लावायला लागलो.

"तू सांगशीन. मी संगं येतो. पण मी बोलणार नाही."

बाजारच्या दिवशी आम्ही निघालो. नांदुऱ्याला बस बदलली. अख्ख्या रस्त्यात सर खिडकीबाहेर पाहून पाच ओळी लिहीत होते आणि मी मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. वरवट बकालच्या बाजारात करुणाचे वडील पोत्यावर वांग्यांचा ढीग लावून बसले होते. करुणा शेजारी तराजू धरून. मी सुरुवात केली, "काका, एक दुर्दैवी गैरसमज झाला, ज्याबद्दल मला अतिशय..." त्यांनी एका गिऱ्हाईकाला अर्धा किलो तोलून दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबू, काय म्हनून राह्यला? मले समजलं नाही."

सर बाजूच्या लिंबाखाली उभे होते. खरंच बोलणार नव्हते.

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काका, करुणाचं पत्र म्या बदललं. तिचं चांगलं होतं. माह्या पत्रानं तिचं जाणं गेलं. चूक माही हाय."

पुण्याला गेल्यापासून घराबाहेरच्या माणसाशी मी असं बोललो नव्हतो. काकांनी तराजूचं पारडं पुसलं. बरंच पुसलं.

"तिचं काऊन नाही आवडलं तुले?"

"त्याच्यात आपलं घरचं होतं."

"आपलं घर वाईट हाय काय?"

मी ढिगावरून घरंगळलेलं एक वांगं उचलून परत ठेवलं. काकांनी करुणाकडे पाहिलं. "आता पुढच्या साली जमते काय?"

"हाव," करुणा म्हणाली. "मीच लिहीन."

"मंग लिही," काका म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले. मला त्यांनी बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, रोजच्या ओळखीतला. त्या दिवसानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

सर चहाला गेले तेव्हा करुणा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, ती चिडून बोलेल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सर, माह्यं जाऊ द्या. एक सांगू? मोठे सर आदी वाचून दाखवत. पूरं पान. आमी डोळे मिटून आयकत होतो. तुमी आले तवापासून नाही वाचत. आमालेच वाचाले लावतात."

मला आठवलं. आठवलं म्हणजे विसरलोच नव्हतो, फक्त त्याला गमतीच्या कप्प्यात टाकलं होतं. रुजू झालो त्या आठवड्यात सरांनी मला त्यांच्या तासाला बसवलं होतं. त्यांनी एक उतारा वाचला. त्यांचा 'र' आपला साधा, जिभेच्या टोकावरचा, 'राजूर'मधला. तास संपल्यावर मी मोठ्या नम्रपणे उभा राहिलो, मुलांना म्हणालो की खरा उच्चार असा असतो, आणि तेच वाक्य घशातून घोळवून म्हणून दाखवलं. मुलं हसली. माझ्या घशाला हसली की सरांच्या जिभेला, ते तेव्हा मी आपल्या सोयीनं ठरवलं. सरही हसले होते.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "सर, तेव्हा वर्गात मी जे केलं..."

त्यांनी वही मिटली. "तुह्यं म्हननं खोटं नोतं. हैदराबादले बी हसले होते मले. त्याची सवय झालती. पण आपल्या वर्गात हसले, ते नवीन होतं." मग घाट सुरू झाला. वर पोचल्यावर म्हणाले, "माफी मागाची तं पाच ओळी लिहून आण. फ्रेंचमंदी. आन उद्यापासून माह्या तासाले बस. मागच्या बाकावर जागा हाय."

त्या पाच ओळींना मला चार दिवस लागले. पेन्सिलीच्या अकरा रेघा आल्या. मी बरोबर काय ते विचारायला गेलो तर त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "शोध." पहिल्या वर्षाची मुलं मला 'मागचे सर' म्हणायला लागली. सकाळी मी त्यांना शिकवायचो, दुपारी त्यांच्याच मागे बसून सरांकडून वही परत घ्यायचो. तिथेही माझा ताठा गेला होता असं नाही. काही अडलं तर मी घरी जाऊन शब्दकोश चाळायचो, पण पोरांसमोर विचारायचो नाही.

पुढच्या वर्षी करुणानं स्वतः पत्र लिहिलं, स्वतःच्या फोनवरून पाठवलं, आणि ती गेली. काका तिला मुंबईपर्यंत सोडून आले. परत आल्यावर एका बाजारात त्यांनी मला हाक मारून फक्त एवढं सांगितलं की तिकडे थंडी फार आहे म्हणते.

सरांच्या निवृत्तीला महिना राहिला असेल. दुपारचा तास चालू होता आणि सरांचा फोन वाजला. करुणा होती, चित्रासकट. तिच्याकडे सकाळ होती. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, मागे पालेभाजीचे वाफे. म्हणाली, "सर, बाई तुमच्याशी बोलाचं म्हणतात," आणि फोन त्या मुलाखतीतल्या बाईंच्या हातात दिला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. फोन आपल्या हातात येतो की काय, अशी मला भीती वाटत होती. पण सर उभे राहिले आणि बोलायला लागले.

दहा-बारा मिनिटं ते बोलले. आधी करुणाबद्दल, मग कांद्याबद्दल, पावसाबद्दल, बायामाणसांच्या कंबरदुखीबद्दल. 'र' जिभेच्या टोकावरचाच. बाईंनी एकदाही 'काय म्हणालात?' असं विचारलं नाही. त्या मध्येच खळखळून हसल्या, सरही हसले, आणि मग दोघं पुन्हा कसल्यातरी कामाबद्दल बोलत राहिले. वर्गातली मुलं हलली नव्हती. मागच्या बाकावर मीही कान देऊन बसलो होतो आणि मला सगळं समजत होतं, एक शब्द सोडून. तो दोघांच्याही बोलण्यात सारखा येत होता आणि पाच वर्षं पुण्यात शिकून तो माझ्या कानावर कधी पडला नव्हता.

फोन बंद झाला. सर रुमालानं कपाळ पुसत बसले. मी चौदा मुलांसमोर हात वर केला.

"हां, बोल," सर म्हणाले.

"सर, तो 'सार्क्लाज' म्हणजे काय?"

पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. सरांनी रुमाल खिशात ठेवला.

"खुरपणी," ते म्हणाले. "लिहून घे."